ठकी खाते तोवर

मी उंदीर मारते. हा माझा धंदा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. गोदामं, बेकऱ्या, शाळांची स्वयंपाकघरं, श्रीमंतांची तळघरं, सगळीकडे माझी गाडी जाऊन उभी राहते. गाडीच्या दारावर उताण्या पडलेल्या उंदराचं चित्र आहे. ते नवऱ्याने हौसेने काढून घेतलं होतं. तो गेल्यापासून धंदा मी आणि धाकटा दीर मिळून चालवतो. दीर फोन घेतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. मी बिळं बघते. गल्लीतली पोरं मला उंदीरमावशी म्हणतात आणि मी ऐकून घेते, कारण त्यांच्या आया मागून जे म्हणतात ते याहून वाईट आहे.

आणि माझ्या घरात एक उंदीर होता. होती म्हणायला हवं. ठकी.

ती आली तीही धंद्यातूनच. एका घरमालकाचा फोन आला होता. भाडेकरू खोली सोडून गेले, आत उंदीर आहे, आजच्या आज संपवा. मी सामान घेऊन गेले, तर रिकाम्या खोलीत खिडकीखाली एक पिंजरा. आत पांढऱ्या अंगाचा, तपकिरी डोक्याचा पाळीव उंदीर. मादी. पाण्याची बाटली कोरडी ठणठणीत. मला बघून ती लपली नाही. पुढच्या पायांनी गज धरून उभी राहिली आणि नाक हलवत मला वरपासून खालपर्यंत तपासत राहिली, एवढा उशीर का केलास म्हणून झाडाझडती घेतल्यासारखी. इतक्या वर्षांत माझ्याकडे तोंड करून उभा राहिलेला हा पहिला उंदीर. मी पिंजरा गाडीत टाकला आणि मालकाला म्हटलं, काम झालं. खोटं कुठे होतं? खोलीत उंदीर उरला नव्हता.

सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "दिवसभर मारून पोट भरत नाही, म्हणून आता घरी पण आणायला लागलीस?"

ठकी हे नाव तिने स्वतः कमावलं. दिराच्या पेनाची टोपणं, माझ्या सदऱ्याची बटणं, सासूबाईंच्या चष्म्याची दोरी, जे मिळेल ते उचलून ती कपाटामागे नेऊन ठेवायची. चोरी पकडली की पळून जायची नाही, उलट माझ्या बाहीत शिरून दात करकर वाजवत बसायची. उंदीर असा दात वाजवतो तेव्हा तो खुशीत असतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तशातला प्रकार. मला कुणी तिच्यावर प्रेम करशील का असं विचारलं नव्हतं. ते होऊन बसलं.

पण उंदराचं आयुष्य ते केवढं. माझ्या डोळ्यांदेखत ती म्हातारी झाली. पाठीवरचे केस विरळ झाले, मागचे पाय फरफटायला लागले, आणि एका सकाळी मी पिंजऱ्याचं दार उघडलं तर तिच्या डोळ्यांभोवती आणि नाकाखाली लाल ओघळ. श्वास घेताना छातीत खरखर.

मला पहिला विचार आला तो विषाचा. आमची विषं अशीच काम करतात. आतल्या आत रक्त वाहत राहतं आणि शेवटी नाकावाटे दिसतं. मी विषाच्या कपाटाला कुलूप लावते, कामाचे कपडे मागे शेडमध्ये उतरवून मगच घरात येते. तरी त्या क्षणी माझा माझ्यावर काडीचा विश्वास उरला नाही. बुटाला लागून आलं असेल? नखात राहिलं असेल? मी तिला टॉवेलात गुंडाळलं, एका पेटीत ठेवलं आणि तशीच निघाले.

जनावरांची डॉक्टर तरुण होती आणि स्पष्ट बोलणारी. तिने ओल्या कापसाने ठकीचं नाक पुसलं, कापूस उजेडात धरला आणि म्हणाली, "रक्त नाही हे. म्हातारे, आजारी उंदीर असंच लाल पाणी गाळतात. विष नाहीये, घाबरू नका."

मी बाकावर बसले.

"पण फुप्फुसं खराब झाली आहेत," डॉक्टर म्हणाली.

"बरी होईल?"

"नाही."

त्या एका शब्दासाठी मला ती आवडली. माझ्या नात्यातल्या कुणी एवढं सरळ उत्तर आयुष्यात दिलेलं नाही.

"आत्ता एक इंजेक्शन देते," ती म्हणाली, "पण पुढचं औषध रोज पोटात जायला हवं. गेलं तर श्वास मोकळा होईल, काही आठवडे बरे जातील. खाण्यात कालवून द्या. तोंड उघडून बळजबरीने ओतू नका, छातीत गेलं तर तिथेच संपेल. आणि तिने खाल्लंच नाही, तर उपाशी तडफडत ठेवू नका. इकडे आणा, मी शांतपणे झोपवीन तिला."

"आणि खाल्लं तर?"

"तर तुमच्याकडेच राहू दे."

"मग ठरलं," मी म्हटलं. "ती खाते तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. आणि खायचं थांबली, तर मी स्वतः घेऊन येईन."

"धंदा काय तुमचा?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ठकीकडे, आणि औषधाची बाटली काढून दिली.

आमचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर सापळे टांगलेले, टेबलावर फोन आणि दीर. मी ठकीची पेटी टेबलावर ठेवली तसा तो खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "वहिनी, तुम्ही रागावाल, पण मी बोलतोच."

"रागावणार हे माहीत आहे तर बोलता कशाला?"

"अहो, शेडमध्ये आपल्याकडे सगळं आहे. क्षणभराचं काम. तिला कळायचंही नाही. काल गोदामातून पोतं भरून काढलेत तुम्ही, आणि आज एकीसाठी डॉक्टर? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं झालं हे."

"हो, तसंच झालं. तुमचा बाब्या शाळेत दुसऱ्याचं डोकं फोडून आला तेव्हा तुम्ही कुणाची बाजू घेतलीत, भाऊजी?"

दिराने तो विषय टाळला. "लोक हसतील. उंदीर मारणारी बाई उंदराला औषध पाजते म्हणून."

"हसू दे. हसायला काही लागत नाही."

"आणि वहिनी, ती म्हातारी झालीय. दिवस भरलेत तिचे. म्हातारं झालं, आजारी पडलं, मग उगाच कशाला ओढत बसायचं?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "मी ऐकतेय हं."

दिराने फोन उचलला आणि कुणाचाच नंबर न फिरवता कानाला लावला.

आता प्रश्न खाऊ घालण्याचा. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. उंदराच्या जिभेला काय भुलवतं ते मला विचारा. शेंगदाण्याचं लोणी, पिकलेलं केळं, उकडलेल्या अंड्याचा बलक, वर मधाचे थेंब. मी ते घोटून घोटून गुळगुळीत केलं, औषध कालवलं, वाटी भिंतीकडेला तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मांडली आणि आवाज न करता मागे सरले. मोठमोठे बिलंदर उंदीर या मिश्रणापुढे गारद झालेत.

ठकी आली, मिशा थरथरवल्या, तोंड फिरवलं आणि टॉवेलात जाऊन बसली.

मी केळं काढून भोपळा घातला. तान्ह्या मुलांच्या डब्यातली पावडर दुधात कालवली. बिस्किटाचा चुरा वर पेरला. ती वाटीपर्यंत यायची, हुंगायची आणि परत जायची. दुसऱ्या दिवशी उचलली तर फासळ्या बोटांना लागल्या. डॉक्टरला फोन केला तर म्हणाली, उद्या सकाळपर्यंत बघा, मग आणा. दिराने ठकीला न्यायची पेटी पुसून दाराशी आणून ठेवली. त्या पेटीला लाथ मारावीशी वाटत होती.

संध्याकाळी मी पुन्हा नवी वाटी घेऊन गुडघ्यांवर बसले. सासूबाई खुर्चीत बसून माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तिला खायला घालतेय, आई."

"असं होय? मला वाटलं मारतेयस."

मी वळून बघितलं. थट्टेचं हसू त्यांच्या तोंडावर नव्हतं.

"दोन दिवस बघतेय तुला," त्या म्हणाल्या. "नाकाला फडकं, हाताला ते निळे मोजे. वाढतेस आणि चोरासारखी पळून जातेस. मला असं वाढलंस ना, तर मीही जेवायची नाही."

मी माझ्या हातांकडे बघितलं. निळे हातमोजे. ते कधी चढवले ते मला आठवतही नव्हतं. आमिष कालवायचं तर हातमोजे घालायचे, हा धंद्यातला पहिला धडा. माणसाचा वास लागला की उंदीर बिचकतो. वाटी मांडायची ती भिंतीकडेला, आणि मांडली की निघून जायचं. सगळी हयात हेच केलं आणि आताही हेच करत होते. औषध मी आमिषासारखं कालवलं, आमिषासारखं मांडलं आणि आमिषासारखं सोडून दिलं. ठकी काही खुळी नव्हती. जिला माझ्या घामाचा वास म्हणजे घर वाटायचं, तिच्यापुढे मी रबराचा वास ठेवत होते. तिने माझा धंदा बरोबर ओळखला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

मी नाकावरचं फडकं आणि हातमोजे ओरबाडून काढले आणि कोपऱ्यात फेकले.

पण नुसते हात उघडे करून भागणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. उंदीर अनोळखी पदार्थाला सहसा तोंड लावत नाही. आधी दुसऱ्या उंदराचं तोंड हुंगतो. त्याने ते खाल्लंय आणि खाऊनही तो धडधाकट आहे अशी खात्री झाली, की मग हा खातो. या एका सवयीने आमच्या धंद्याला फार रडवलंय. म्हणून तर सावकाश मारणारी विषं आली. खाणारा लगेच मेला तर बाकीचे वाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

ठकीला हुंगायला दुसरा उंदीर नव्हता. मग मी होते की.

मी चमच्याने वाटीतलं मिश्रण घेतलं आणि तोंडात घातलं. असलं कडूजहर काही मी जन्मात चाखलं नव्हतं, आणि वर तो मधाचा चिकट गोडवा. सासूबाई "अगं ए! अगं ए!" करत खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी गिळलं. मग फरशीवर पोटावर आडवी झाले, हनुवटी जमिनीला टेकवली, तोंड उघडलं आणि टॉवेलाच्या दिशेने श्वास सोडला.

ठकीने मान वर केली. मागचे पाय फरफटत ती आली, थांबत थांबत, छातीतली खरखर मला ऐकू येत होती. तिने माझ्या खालच्या ओठावर पुढचे दोन्ही पंजे ठेवले आणि नाक थेट माझ्या दातांपर्यंत नेलं. मिशा टोचत होत्या. मी पुन्हा श्वास सोडला, सावकाश. मग बोटावर थोडं मिश्रण घेऊन तिच्यापुढे धरलं. उघड्या बोटावर. तिने ते हुंगलं, पुन्हा माझं तोंड हुंगलं, आणि चाटायला लागली.

तिने सगळं खाल्लं. मी रडले. हो, उंदरासाठी फरशीवर आडवी पडून रडले, ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

"आधी तोंड धू," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाटी संपवली का तिने?"

सकाळी मी दाराशी ठेवलेली ती पेटी उचलली आणि दिराच्या डोळ्यांदेखत फळीवर आपटली. डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं तर तिने विचारलं, "तुम्ही औषध खाल्लंत?" मी म्हटलं, चमचाभर. "तुमच्या अंगाला तेवढ्याने काही होत नाही. चालू ठेवा."

मी चालू ठेवलं. सकाळ-संध्याकाळ आधी मी, मग ती. हळूहळू खरखर कमी झाली. नाक स्वच्छ राहायला लागलं. मागचे पाय काही सुधारले नाहीत, पण पुढच्या पायांनी स्वतःला ओढत ती पुन्हा दिराच्या पेनाचं टोपण घेऊन गेली, तेव्हा तो टेबलावरून ओरडला आणि मी आतून म्हटलं, "शाब्बास!"

कामाला जाताना मी तिला बरोबर न्यायला लागले. गाडीत पुढच्या सीटवर तिची पेटी, विषाचं सामान मागे कुलपात. एकदा एका बेकरीच्या मागच्या दाराशी उशीर झाला आणि तिची खायची वेळ झाली. मी गाडीतच चमचा तोंडात घातला आणि तिच्या नाकावर श्वास सोडत होते, तोच बेकरीवाला काचेपाशी येऊन उभा राहिला.

"बाई, हे काय आहे?"

"उंदीर."

"ते दिसतंय मला. पण तुम्ही तर..."

"तुमच्या पिठात आहेत ते मी मारते. ही माझी आहे, ही जगते. तुमची काही हरकत?"

त्याची हरकत होती. त्याने दिराला फोन लावला. दिराने त्याला काय सांगितलं ते मला बेकरीवाल्याच्या बायकोकडून कळलं. "आमच्या वहिनींसारखं उंदरांच्या पोटात शिरणारं माणूस दुसरं शोधून दाखवा, मग बोला." मी दिराला विचारलं तर म्हणाला, "धंद्यासाठी बोललो. फार खूश होऊ नका."

लोकांना हे जुळवून हवं असायचं. जिवाची एवढी माया असेल तर धंदा सोड म्हणायचे. धंदा करायचा तर ही नाटकं सोड म्हणायचे. मी काहीच सोडलं नाही. बेकरीत उंदीर झाले तर लोकांची पोरं आजारी पडतात, म्हणून मी मारते. आणि ठकीने माझ्या बाहीत झोप काढली, म्हणून मी तिला जगवत होते. या दोन गोष्टी एकमेकींत बसत नसतील तर नसू देत. माझ्या एकाच अंगात त्या दोन्ही आरामात राहत होत्या. "उंदरासाठी एवढं?" असं कुणी म्हटलं की मी विचारायची, "मग कशासाठी केलेलं चाललं असतं तुम्हाला? यादी द्या."

आणि मग एक दुपार आली. खरखर सकाळपासून पुन्हा वाढली होती. औषध तेच, डॉक्टर तीच, पण फुप्फुसं आता ऐकत नव्हती. मी फरशीवर आडवी झाले, चमचा तोंडात घातला, गिळला, श्वास सोडला. ठकी आली. तिला टॉवेलापासून माझ्या तोंडापर्यंत यायला फार वेळ लागला. तिने नेहमीसारखे ओठावर पंजे ठेवले, बराच वेळ हुंगत राहिली आणि माझा ओठ एकदा चाटला. मी बोट पुढे केलं. बोटाला तिने तोंड लावलं नाही.

मी वाटी जवळ सरकवली. ठकी वळली, टॉवेलाचं एक टोक दातांत धरलं आणि ओढायला लागली. थोडं ओढायची, धापा टाकत थांबायची, पुन्हा ओढायची. तिने ते टोक वाटीवर आणून टाकलं. वाटी झाकून टाकली आणि तिच्या शेजारी डोकं टेकलं.

हे मी गोदामांत कितीदा बघितलंय. उंदीर कधीकधी आमिषावर चिंध्या, कागद, माती लोटतो. त्याने आमिष झाकलं की आम्ही ती जागा सोडतो. त्याने निकाल दिलेला असतो, आणि तो फिरत नाही.

मला तो फिरवायचा होता. मी टॉवेल बाजूला केला. मधाचं बोट तिच्या नाकाशी नेलं. पुन्हा एक चमचा खाल्ला, पुन्हा श्वास सोडला, "ठके, अगं ठके" करत राहिले. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त पुढचा पंजा उचलून टॉवेल चाचपला. तिला वाटी पुन्हा झाकायची होती आणि तेवढी ताकद उरली नव्हती.

तेव्हा मी स्वतःच वाटी उचलली. खाते तोवर, असं मीच ठरवलं होतं. सगळ्यांना दम मीच भरला होता. मी हट्टी आहे, पण त्या दुपारी माझ्याहून हट्टी जीव माझ्यासमोर पडला होता, आणि ज्या हट्टासाठी मी सगळ्यांशी भांडले तो तिचाही होताच ना. मी तो मानला नसता तर माझ्यात आणि शेडमध्ये घेऊन चला म्हणणाऱ्यांत फरक काय राहिला असता?

"भाऊजी, गाडी काढा," मी म्हटलं.

सासूबाई काठी टेकत पेटीपर्यंत आल्या. इतक्या दिवसांत त्यांनी ठकीला कधी बोट लावलं नव्हतं, तेव्हाही लावलं नाही. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "जा गं बाई. तू कुणाचं ऐकलं नाहीस ते बरं केलंस."

डॉक्टरने काही समजावलं नाही. ठकी माझ्या बाहीत होती, तिथेच सुई दिली. खरखर थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की मला ती सहन झाली नाही. आम्ही परत आलो तेव्हा दीर आत न येता शेडमागे गेला आणि फावड्याचा आवाज यायला लागला.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. एका मोठ्या खाणावळीत उंदीर झाले होते. दीर म्हणाला, आजच्या दिवस मी सांगतो उद्या म्हणून. मी म्हटलं, कशाला? आणि गेले. खाणावळीचा मॅनेजर दारात उभा होता, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला, गाडीवरचं चित्र बघून खूश झालेला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"डोळे लाल झालेत तुमचे. औषधांची वाफ लागते का?"

"नाही. घरातलं एक जण गेलं काल."

"अरेरे. कोण?"

"उंदीर."

तो खो खो हसला. चांगला मोठ्याने हसला, माझ्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला, आणि मग तो हात तसाच हवेत राहिला, कारण मी त्याच्याकडे बघत होते. त्याचं हसू ओसरेपर्यंत मी नजर काढली नाही.

"म्हातारी झाली होती," मी सांगितलं. "पण आपल्या मर्जीने गेली."

मी बॅटरी पेटवली, सामानाची पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, "तुमचे कुठल्या खोलीत आहेत?"